तलावाचं पाणी आणि शेवाळ

गोंदियाजवळच्या कामठ्याचं नाव इतिहासात येतं ते जमीनदारीमुळे. 1818 साली तिथले जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले, ही नोंद पुस्तकांत सापडते. पण कामठ्यात काय किंवा जुन्या भंडारा जिल्ह्यात काय, माणसं आणि गुरंढोरं जगली ती तलावांवर. त्या तलावांतल्या पाण्याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. वरची बोडी भरली की पाणी खालच्या तलावात यावं, तिथून धानाच्या बांध्यांत जावं, अशी ही रचना. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढून शेतात टाकायचा. पाण्यावर कुणाचा काय हक्क, हे गावच्या वाजिब-उल-अर्जात लिहिलेलं असे.

आता पाणी हिरवं का होतं ते पाहू. उन्हाळ्यात खोल जलाशयातलं वरचं पाणी तापून हलकं होतं. तळाचं थंड आणि जड राहतं. दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपतो आणि गाळातला फॉस्फरस पाण्यात सुटतो. शेवाळाला तेच खत! निळ्या-हिरव्या शेवाळाच्या अनेक जातींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ते उन्हाकडे तरंगत येतं आणि दुधावर साय धरावी तसं पसरतं. त्यातली काही विषं पाणी उकळूनही जात नाहीत.

यावर अमेरिकेत 1904 पासून मोरचुदाचा उपाय प्रचारात आला. शेवाळ मरतं खरं. पण मरताना पेशीतलं विष पाण्यात सोडतं. पुढे पाणी ढवळण्याची युक्ती निघाली. लंडनजवळ 1962 साली सुरू झालेल्या राणी एलिझाबेथ दुसरी जलाशयात येणारं पाणीच जोरदार धारेनं आत सोडतात, म्हणजे थर बसत नाहीत. ॲम्स्टरडॅमच्या न्यूवे मेर या खोल सरोवरात 1993 पासून तळाशी हवेचे बुडबुडे सोडले गेले. शेवाळ खाली अंधारात ओढलं गेलं, त्याला ऊन पुरेना, आणि ते बरंच घटलं.

मग हीच यंत्रं आपल्या तलावांवर बसवावीत का? थोडं थांबावं. आपले बहुतेक जुने तलाव उथळ. तिथे वारा आधीच पाणी ढवळत असतो, आणि शेवाळाला न्यावं असा खोल अंधारच नसतो. वरून यंत्र लावलं तर गाळच उठायचा. अशा ठिकाणी इलाज गाळाचाच करायला हवा: तो काढावा, सांडपाणी आणि खताचं पाणी तलावात येऊ देऊ नये.

म्हणजे गाळ काढण्याची जुनी रीत धानालाच नव्हे, पाण्यालाही उपकारक होती. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. रयतेच्या मानेवरचं जू उतरलं, हे चांगलंच झालं. पण त्या जुवाबरोबर पाळीची आणि गाळाची काळजीही बऱ्याच गावांत सुटली. तेव्हा पाणी हिरवं दिसलं, की औषध कोणतं टाकावं हे विचारण्याआधी गावानं एक विचारावं: आपल्या तलावातला गाळ शेवटचा कधी निघाला?