लक्ष्मीबाईंची वही आणि मेंदूची गंगाजळी

नाशिकजवळच्या जलालपूर गावात १८६८ साली गोखल्यांच्या घरी मनकर्णिका नावाची मुलगी जन्मली. वडिलांना सोवळ्याचं विलक्षण वेड होतं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा त्यांचा खाक्या. आज एखाद्या घरात असं दिसलं तर माझ्यासारखा डॉक्टर मंत्रचळाचा विचार करेल. त्या काळी घरच्यांनी ते निमूटपणे सोसलं. मुलीला शाळेत घालण्याचा प्रश्नच नव्हता. बाराव्या वर्षाच्या आतबाहेर तिचं लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, हुशार, लहरी आणि तापट. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, त्यांच्याकडूनच.

या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झालं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. शेवटचा भाग छापून येण्याआधीच, फेब्रुवारी १९३६ मध्ये, नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. त्याआधी, १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य अर्धवटच होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळक गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या काळी पन्नाशीची विधवा म्हणजे घरातलं अडगळीचं माणूस.

आरोग्याच्या पानावर हे कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. ओझरला माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या पेशंटांच्या तोंडी एक म्हण हमखास असते: 'साठी बुद्धी नाठी'. चष्मा सापडला नाही तरी हीच म्हण आणि नातवानं मोबाईल शिकवायला घेतला तरी हीच. माझ्या मते या म्हणीनं आपलं बरंच नुकसान केलं आहे. वय झालं की शिकणं थांबणारच, असं मानलं की माणूस स्वतःच शिकणं थांबवतो. लक्ष्मीबाईंना ही म्हण ठाऊक असणारच, पण त्यांनी ती मनावर घेतलेली दिसत नाही.

आता थोडं मेंदूकडे वळू. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं एका स्मृतिभ्रंश झालेल्या स्त्रीच्या मेंदूत, मृत्यूनंतर, दोन गोष्टी पाहिल्या: पेशींबाहेर साचलेल्या प्रथिनांच्या चकत्या आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. त्यानंतर बरीच वर्षं हिशोब सोपा वाटत होता. बिघाड जितका जास्त, तितकं विस्मरण जास्त. पण शवविच्छेदनं वाढत गेली तसा हा हिशोब जुळेना. काहींच्या मेंदूत भरपूर चकत्या आणि गुंता असायचा, तरी ती माणसं शेवटपर्यंत शहाणी-सुरती होती.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या जोगिणींचं, म्हणजे कॅथलिक मठातल्या भगिनींचं आहे. डेव्हिड स्नोडन या संशोधकानं १९८६ मध्ये हे काम सुरू केलं. पंचाहत्तरीपुढच्या ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या आणि मृत्यूनंतर मेंदू तपासायलाही त्यांनी संमती दिली. त्यांपैकी सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण जिवंतपणी घेतलेल्या चाचण्यांत त्या चांगल्या गुणांनी उतरल्या होत्या. याच भगिनींनी मठात येताना, साधारण विशीत, छोटी आत्मचरित्रं लिहून दिली होती. ज्यांच्या वाक्यांत कल्पनांची दाटी होती, त्यांना म्हातारपणी हा आजार कमी प्रमाणात झाला.

या गोष्टीला शास्त्रज्ञ 'बौद्धिक राखीव साठा' म्हणतात. मला आपला 'गंगाजळी' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. पाऊस चांगला असेल त्या वर्षी घरात चार पैसे बाजूला पडतात आणि दुष्काळात तेच तारतात. मेंदूचंही तसंच आहे. वाचन, भाषा, कामातलं कौशल्य, माणसांत मिसळणं यांतून पेशींमधल्या जोडण्या वाढत जातात. पुढे काही वाटा बंद पडल्या तरी मेंदू दुसऱ्या वाटेनं काम भागवतो. आजार टळतोच असं नाही. तो दिसू लागण्याची वेळ मात्र पुढे ढकलली जाते.

इथे सावधगिरीचा एक शब्द. भगिनींनी ती पानं विशीत लिहिली होती, त्यामुळे 'लिहिल्यानं आजार टळला' असं त्यावरून सिद्ध होत नाही. मुळातच मेंदू सक्षम होता म्हणून लिखाणही चांगलं झालं, असंही असू शकेल. लक्ष्मीबाईंचं उदाहरणही पुरावा नव्हे. त्या अडुसष्टीच्या आसपास गेल्या आणि स्मृतिभ्रंश खरा गाठतो तो बहुधा त्याच्या पुढे. त्या मला महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्या कारणासाठी. गंगाजळी साठवायची संधी आपल्याकडे कुणाला मिळाली आणि कुणाला नाकारली गेली, हे त्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसतं.

पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. लक्ष्मीबाईंच्या जन्माला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता, तरी ती शाळा त्यांच्या घरापर्यंत पोहोचली नाही. रमाबाई रानडे १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, लग्न होऊन आल्या तेव्हा निरक्षर होत्या. न्यायमूर्तींनी शिकवायला सुरुवात केली, तर घरातल्या बायकांचाच रोष पत्करावा लागला. बालविधवा गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, शिकायला बसल्या त्या विशी ओलांडल्यावर, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. ही झाली नावं उरलेल्या बायकांची गोष्ट. ज्यांना कुणी शिकवलंच नाही, त्यांची संख्या लाखांत होती. त्यांच्या नाती-पणती आज सत्तरीत आहेत आणि त्यांतल्याही अनेकींची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळण्यात सुटली.

पोर्तुगालमध्येही हेच घडत होतं. तिथल्या मच्छीमार गावांत थोरल्या मुलीला घरकामासाठी ठेवत आणि धाकटीला शाळेत घालत. १९९८ मध्ये संशोधकांनी अशा उतारवयातल्या बायकांच्या मेंदूचं कामकाज तपासलं. एकाच प्रकारच्या घरांत वाढूनही, नवे, अर्थहीन शब्द ऐकून पुन्हा म्हणताना शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांचे मेंदू वेगळ्या पद्धतीनं काम करत होते. पुढे २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या अभ्यासात आणखी एक दिलासा मिळाला. जे मोठेपणी लिहायला-वाचायला शिकले, त्यांच्याही मेंदूत वाचनानं होणारे बरेचसे बदल झालेले होते. लक्ष्मीबाईंना हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं.

भारतातल्या मोठ्या पाहणीवरून, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे, साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत, निरक्षरांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त आहे. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच आजीच्या ठायी एकत्र आलेल्या असतात.

पण निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे. जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेल्या बाईला 'तुमची स्मरणशक्ती व्यायामाविना राहिली' असं कोण म्हणेल? परदेशातून आलेल्या स्मृतीच्या चाचण्यांत वाक्य लिहा, आकृती काढा, असे प्रश्न असतात. त्यात अशा आजी विनाकारण नापास होतात. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी मुद्दाम तयार केली गेली. तुमच्या आईला कुणी अशा चाचणीवरून स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं, तर 'ती शाळेत गेलेली नाही' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पैशांचा हिशोब, सणवार, घरातली लग्नकार्यं यांबद्दल विचारलं तर खरी परिस्थिती लवकर कळते.

भाषेचंही असंच आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. सगळ्याच देशांत असे निष्कर्ष निघालेले नाहीत. तरी घरात अहिराणी, दारात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या लोकांनी स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

शिकण्याइतकंच महत्त्वाचं आहे मागे वळून पाहणं. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६३ मध्ये मांडलं की म्हातारपणी जुन्या आठवणी काढणं हे बुद्धी ढळल्याचं लक्षण नाही. आयुष्याचा हिशोब लावण्याचं ते स्वाभाविक काम आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आठवणी बोलत्या करणाऱ्या उपचारांचा थोडा फायदा होतो. तो लहान असतो आणि सगळ्यांना सारखा होत नाही, हेही खरं.

पण आठवणी काढणं वेगळं आणि रवंथ करणं वेगळं. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे कळतं. १८९५ मध्ये टिळकांनी धर्मांतर केलं आणि संसार मोडल्यासारखा झाला. पाचेक वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या आयुष्यात दारिद्र्य होतं, ताटातूट होती. तरी त्या लिहितात त्यात स्वतःच्या फजितीवर हसणं आहे आणि माणसांना समजून घेणं आहे. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी जातिभेद सोडला तो स्वतः विचार करून. याउलट एकच अपमान, एकच वाटणीचा तंटा रोज उगाळत बसणाऱ्याची झोप उडते, भूक जाते. हे नैराश्य असू शकतं. वृद्धांमधलं नैराश्य विस्मरणासारखंच दिसतं आणि ते औषधांनी बरं होऊ शकतं.

महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले. सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला निघाले आणि १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवी संस्था काढली. कर्व्यांएवढं आयुष्य आणि चिकाटी मागून मिळत नाही, म्हणून त्यांचा दाखला मी पेशंटांना फारसा देत नाही. त्यापेक्षा मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा सांगतो. ८ मार्च २०१६ ला ती सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे जाऊ लागल्या.

आपल्या जिल्ह्यातही सोयी कमी नाहीत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशकात आलं ते शाळा सुटलेल्यांना पुन्हा दार उघडण्यासाठीच. एच.ए.एल.मधून निवृत्त झालेल्यांच्या हातात आयुष्यभराचं कसब आहे. ते शेजारच्या पोराला शिकवणं हाही मेंदूला उत्तम व्यायाम. मोबाईलवरच्या कोडी-खेळांबद्दल मात्र मी थंड आहे. अमेरिकेत २,८०० हून अधिक वृद्धांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात ज्या कौशल्याचा सराव केला ते सुधारलं, पण त्याचा फायदा इतर कौशल्यांपर्यंत पोहोचला नाही.

आणि केवळ वही-पेन घेऊन भागत नाही. 'लॅन्सेट' आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी आटोक्यात आली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी शिक्षण आहे, तसंच रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा आणि कमी ऐकू येणंही आहे. चष्मा आपण लगेच करतो, श्रवणयंत्राची मात्र लाज वाटते. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून उठून जातो आणि मग शिकणंही थांबतं.

विसरणं वाढत असेल, नेहमीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, व्यवहारात गोंधळ उडत असेल, तर वयाच्या नावावर सोडून देऊ नका. बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळ आढळते आणि ती भरून काढता येते. येताना सर्व गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विस्मरण होतं. घरातल्या, रोज सोबत राहणाऱ्या माणसालाही घेऊन या, कारण काय बदललं हे बऱ्याचदा तेच नेमकं सांगतात.