गरीला लावलेला झिंगा

कपडे टोंगळ्याच्या वर खोचा आणि पाण्यात उतरा. साल 1868 आहे. दिवाळी चार दिवसांवर आली आहे, तेव्हा चंद्र उगवेल तो पहाटे आणि तोही कोर म्हणून. झिंगे धरायला अशीच काळोखी रात्र लागते. समोर वैनगंगा, पाठीशी मार्कंड्याची देवळं. पाचसहा वर्षांनी पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथे येऊन या देवळांचं वर्णन लिहून नेणार आहे. आज मात्र घाटावर ढिवरांचे दोनतीन डोंगे तेवढे आहेत. तुम्ही उभे आहात तो जिल्हा चांदा. गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला अजून 114 वर्षं आहेत.

डोंग्यात बसलेला बुढा सणाच्या लांब दोरीला गऱ्या बांधतो आहे. लोहाराने घडवलेल्या जाडसर गऱ्या, एकीसारखी दुसरी नाही. ही दोरी आज रात्री डोहात पडायची आहे, वाम आणि शिंगाड्यासाठी. गांडूळ चालतं, पण रात्रीच्या मोठ्या मासोळीला जिवंत झिंग्यासारखं आमिष नाही, असं बुढ्याचं ठाम मत आहे. म्हणून आधी झिंगे. ते आणायचं काम तुमचं आणि बुढीचं.

बुढीच्या हातात पेलना आहे. बांबूच्या तिकोनी चौकटीला सणाच्या सुताचं दाट जाळं बांधलेलं, तळाशी घासत पुढे रेटायचं. पण ती रेटत नाही, थांबून राहते. काठालगतच्या बुडालेल्या गवतामागे पेलना टेकवते आणि तुम्हाला समोरच्या बाजूने यायला सांगते.

"पाय उचलू नोको, लेकरा. घासत ये."

तुम्ही घासत येता. तळव्याखाली वाळू, मग गाळ, मग एक गोटा. गवत पायांनी चाळवता. पाण्यात काही दिसत नाही, फक्त पिंडऱ्यांना बारीक टिचक्या बसतात. झिंगा भ्याला की शेपटी पोटाखाली आपटतो आणि उलटा, मागे उडतो. पुढून आलेल्या पायांना भिऊन तो थेट मागच्या जाळ्यात जातो. बुढी हे शिकवत नाही, ती फक्त योग्य जागी उभी राहते. पेलना वर येतो तेव्हा पाणी गळून गेल्यावर जाळ्यात नुसती तडतड ऐकू येते.

बुढा टेंभा जवळ आणतो. उजेड पडताच जाळ्यातले डोळे पेटतात, निखाऱ्यांवरची राख फुंकल्यासारखे, दोन दोन करून. झिंग्याचे डोळे रात्री असे लालसर चमकतात. पुढे त्या उजेडात तुम्ही नुसतं काठाने चाललात तरी उथळ पाण्यात ते कुठे बसलेत ते कळेल. हात घालाल तर जपून: डोक्यावरचा दातेरी काटा बोटात शिरला की दोन दिवस ठणकतो.

आता निवड. वीतभर वाढलेले, लांब नांग्यांचे झिंगे वेगळ्या टोपलीत. ते उद्या सकाळी बुढी गावात नेईल आणि बदल्यात धान आणेल. बोटाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे गरीसाठी. त्यांना ओल्या शेवाळात ठेवून वर पळसाची पानं झाकायची. कोरडे पडले तर घडीभरात मरतात, आणि मेलेल्या झिंग्याकडे मोठी मासोळी वळत नाही.

तुम्ही पहिला झिंगा गरीला लावायला घेता आणि टोक डोक्याकडे नेता.

"तठी नोको," बुढा म्हणतो. "मरते. शेपटीतून काढ."

त्याचं बरोबर आहे. झिंग्याचं काळीज, पोट, सगळं डोक्याच्या कवचाखाली असतं. शेपटीच्या मांसातून गरी गेली तर तो बराच वेळ पाय हलवत राहतो, आणि ती हालचालच मासोळीला बोलावते. दोरी डोहात सोडली जाते. भोपळ्याचा वाळका तुंबा पाण्यावर राहतो, खूण म्हणून.

मासा लागेपर्यंत वेळ आहे, तेव्हा शेवाळातले ते झिंगे पुन्हा पाहा. त्यांत दोन जातींचे जीव मिसळले आहेत. काही याच पाण्यात जन्मले, इथेच अंडी घालतील, इथेच मरतील. तळ्याबोड्यांत सापडतात तेही असेच. दुसरे मात्र समुद्राकडून आले आहेत. शास्त्रज्ञ ज्याला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय म्हणतात तो गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा. त्याची अंड्यातून निघालेली पिलं निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. पुरासोबत ती गोदावरीच्या मुखापर्यंत वाहून जातात, तिथे अंगाला आकार येतो, आणि मग नखाएवढे ते जीव उलटे फिरतात. रात्री, काठाकाठाने, जिथे धार मंद असते तिथून. राजमहेंद्रीवरून, भद्राचलमवरून, सिरोंच्याला उजवीकडे वळून 113 किलोमीटरची प्राणहिता चढून, चपराळ्याच्या संगमावर पुन्हा डावी-उजवी निवडून. वर्धेला गेले ते वर्धेचे झाले, इकडे वळले ते तुमच्या शेवाळात आले.

मला या प्रवासाइतकं थोर काही या नदीत दिसत नाही. पुस्तकांत वैनगंगेची लांबी आणि पात्र मोजलेलं असतं. पण ही नदी समुद्राशी अखंड जोडलेली आहे याचा पुरावा टोपलीतल्या त्या चमकत्या डोळ्यांत आहे.

वाटेत अडचण नव्हती असं नाही. राजमहेंद्रीजवळ दवलेश्वरमला आर्थर कॉटनने 1847 ते 1852 या वर्षांत बांधलेला बंधारा तुम्ही उतरलात तेव्हा सोळा वर्षांचा झाला आहे. पिलं तोही चढतात. ओल्या दगडाला पाय रोवून, पाण्याच्या पातळ पडद्यातून. याच सुमारास खाली प्राणहितेवर देवलमरीजवळ इंग्रज इंजिनियर खडक फोडताहेत. वर्ध्याच्या खोऱ्यातला कापूस नावेने थेट समुद्राला नेता यावा, म्हणून गोदावरी वाहतुकीची करायची आहे. 1871 मध्ये ती योजना सोडून दिली जाईल. कापूस रेल्वेने जाईल. झिंगे चढत राहतील.

तुंबा बुडाला. बुढा दोरी ओढतो आणि तुम्ही पुढे निघता, कारण थांबलात तर रात्रभर हेच पाहत बसाल.

1951. मालगुजाऱ्या गेल्या, तलाव सरकारजमा झाले, लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणू लागतील. नदीत अजून पेलना तोच आहे. काही वर्षांत सणाच्या जागी नायलॉन येईल.

1988. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी. भिंत उभी राहिल्यावर भंडाऱ्याकडच्या वैनगंगेला खालून वर येणाऱ्या झिंग्याची वाट उरणार नाही. दवलेश्वरमच्या दगडी बंधाऱ्यावर पाय रोवता आले, ते या उंच, सरळ काँक्रीटवर येत नाहीत. मार्कंड्याला तरी अजून वाट मोकळी आहे. मग इथून फार लांब नसलेल्या चिचडोहला बॅरेज येतं. आणि 21 जून 2019 ला प्राणहितेच्या संगमाखाली, सिरोंचा तालुक्याच्या समोर, मेडीगड्ड्याच्या बॅरेजचं उद्घाटन होतं. 85 दारं. 21 ऑक्टोबर 2023 ला त्याचे खांब खचतात आणि पाणी साठवणं थांबवावं लागतं. कोट्यवधी रुपये, दोन राज्यं, सिरोंच्यातल्या बुडालेल्या शेतांची भरपाई, यावर पुष्कळ बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. झिंग्याच्या वाटेबद्दल फार थोडे बोलले, आणि ते बहुतेक ढिवर होते.

आता तुम्ही आजच्या काठावर आहात. बाजारातून आणलेल्या गऱ्या एकसारख्या, टोकदार. एक पोरगा कालव्याच्या कडेची ओली माती उकरून गांडूळं डब्यात भरतो आहे. त्याला मासोळी मिळेल, गांडुळाला ती नाही म्हणत नाही. त्याची आई नायलॉनचा पेलना घेऊन गवतालगत उतरते. तुम्हाला रीत ठाऊक आहे, समोरून पाय घासत या. जाळ्यात तडतड आहे, मोबाइलच्या उजेडात डोळे चमकतातही. पण सगळे बारीक, इथेच जन्मणारे. वीतभर वाढलेला, लांब नांग्यांचा, ज्याच्या बदल्यात घरात महिन्याचं धान यायचं, तो आजच्या जाळ्यात नाही.

त्या बाईचं नुकसान नुसतं आमिषाचं नाही. नदी बांधणाऱ्यांनी सिंचनाचं क्षेत्र मोजलं, बुडणारी गावं मोजली, हिची टोपली कुठल्याच रकान्यात मोजली नाही. आणि या जिवाला फार लागतही नाही. मोठी मासोळी उडी मारते, तिला जिना लागतो. झिंग्याची पिलं सरपटत चढतात. काठाच्या अंगाला तिरक्या उताराची एक खरबरीत पट्टी, तिच्यावर पावसाळ्यात आणि नंतरचे काही महिने अखंड वाहणारं बोटभर पाणी. मेडीगड्ड्याची दुरुस्ती व्हायचीच असेल, तर ही पट्टी त्याच नकाशात काढता येईल. ती कुठल्या काठाला असावी हे ठरवताना सिरोंच्याच्या आणि चामोर्शीच्या ढिवरांना बैठकीला बोलवा. पिलं कुठल्या बाजूने चढतात हे त्यांनी रात्री पाण्यात उभं राहून पाहिलेलं आहे.