नैराश्य : ओळख व उपचाराची वेळ (भोकरदन तालुका)

नैराश्य हा उपचारांनी बरा होऊ शकणारा मानसिक आजार. दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा कशातही रस न वाटणे, यांपैकी एक लक्षण किमान 2 आठवडे टिकले आणि सोबत झोप-भूक बिघडणे, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी काही लक्षणे असली, तर तपासणी करून घ्यावी.

जालना जिल्ह्यातील या शेतीप्रधान तालुक्यात ‘उदास वाटते’ असे सांगणारा रुग्ण विरळा. डोके जड आहे, हातापायांत जीव नाही, झोप येत नाही, अशा तक्रारी घेऊन तो दवाखान्यात येतो. अनेकदा सलाईन लावून परततो. खरी खूण घरच्यांनाच आधी दिसते : ऐन वेचणीत माणूस खाटेवरून उठत नाही, पारावर जाणे सोडतो, चिडचिड करतो, दारू वाढवतो. दारूची चर्चा होते, तिच्यामागचा आजार राहून जातो.

नापिकी, कर्ज, आनुवंशिकता, थायरॉईडचे विकार अशी कारणे एकत्र गुंतलेली असतात. एकट्या कर्जावर बोट ठेवणे अपुरे होय. बाळंतपणानंतरही नैराश्य येते.

महाराष्ट्र शासनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प 2015 मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी सुरू झाला. त्यांत जालन्यासह मराठवाड्यातील आठही जिल्हे आहेत. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेते आणि त्रास असलेल्यांना पुढे पाठवते. ओळखीच्या बाईने ओसरीवर बसून विचारलेला प्रश्न माणसाला बोलते करतो, हे या योजनेचे मोठे बळ. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे असल्याने मराठवाड्यात तर गावपातळीवरच्या या कामाचे मोल अधिकच.

‘बाहेरचे’ समजून रुग्णाला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी दर्ग्यावर नेण्याची प्रथा आहे. श्रद्धा जपावी, पण त्यापायी औषध लांबवू नये. औषधांचा गुण दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. बरे वाटताच ती स्वतःहून बंद केल्यास आजार उलटू शकतो. सौम्य आजारात समुपदेशनही पुरते.

मरणाची भाषा, निरवानिरव, खाणेपिणे सुटणे किंवा भास होणे दिसल्यास त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे, माणसाला एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी हलवावीत. मरणाच्या विचाराबद्दल थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.