मराठी चार, इंग्रजी तीन

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना शिक्षण विचारलं की उत्तर दोन आकड्यांत येई. आजोबा सांगत, "मराठी चार, इंग्रजी तीन." मुंबई इलाख्यातल्या शाळांची मांडणीच तशी होती. मराठी चौथी झाली की ऐपत असलेल्यांची मुलं 'इंग्रजी पहिली'त जात. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. ही परीक्षा मुंबई विद्यापीठ 1859 पासून घेत होतं. ज्यांना हा रस्ता परवडत नसे, ते मराठी शाळेतच राहून सातवी, म्हणजे फायनल, करत आणि फार तर मास्तर होत.

पनवेलजवळच्या आमच्या नावडे गावातल्या आगरी घरांमध्ये पहिली मजल बहुतेक मराठी चौथीवरच संपे. आजोबांना इंग्रजी शाळेसाठी पनवेल गाठावं लागलं. दिवा-पनवेल रेल्वे यायची होती, नावडे रोड नावाचं स्टेशन नव्हतं. होते भातखाचरांचे बांध आणि पावसाळ्यात फुगणारी कासाडी. तीन वर्षं त्यांनी ती वाट तुडवली. पुढे घरात आवणीला हात कमी पडू लागले आणि शाळा सुटली.

त्या तीन वर्षांत त्यांना मिळालेली इंग्रजी भाषांतराची होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी इतकी घोटली होती, की सत्तरी उलटल्यावरही कुठल्याही इंग्रजी वाक्यातला कर्ता, कर्म, क्रियापद ते बोट ठेवून दाखवत. बोलता मात्र येत नसे. "मना वाचाला येतं, बोलाला नाय येत," असं ते सरळ सांगत. भाषांतराच्या या पद्धतीला नंतरच्या शिक्षणतज्ज्ञांनी बरीच नावं ठेवली. मला ती नावं पुरती पटत नाहीत. वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत आणताना आजोबांची मराठीही धारदार झाली होती. गावकीत अर्ज लिहायचा झाला की लोक त्यांच्याकडेच येत.

साहित्याची गोष्ट तर याहून वेगळी. त्यांच्या वर्गाला शेक्सपिअर नेमलेला नव्हता, तेवढी मजल गाठायला मॅट्रिक जवळ यावी लागे. पण एका मास्तरांनी मुसळधार पावसात अर्धा वर्ग रिकामा असताना 'ऑथेल्लो'ची कथा सांगायला घेतली. रुमालापर्यंत कथा आली आणि आजोबा उठून म्हणाले, हे तर 'झुंझारराव'! देवलांचं ते नाटक त्यांनी मोठ्या भावाबरोबर पाहिलं होतं. 1890 च्या सुमाराचं हे रूपांतर. त्याआधी, 1883 मध्ये, आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं होतं. परक्या देशाच्या नाटककाराला भेटण्याआधीच त्याच्या माणसांना मराठीत भेटलेला हा मुलगा मला फार भाग्यवान वाटतो. मास्तरांनी म्हणे त्याला खाली न बसवता पुढची कथा सांगायला लावली. आजोबांनी ती अर्थातच आगरीत सांगितली. हा प्रसंग ते दर पावसाळ्यात सांगत आणि आम्ही दरवेळी ऐकत असू.

चुलत आजोबांचा हिशेब निराळा. ते शाळेत गेले तोवर देश स्वतंत्र झाला होता, मॅट्रिकची जागा एसएससी बोर्डाच्या परीक्षेने घेतली होती, आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या धोरणाने इंग्रजी आठवीपासून सुरू होत होती. अकरावीला बोर्ड, म्हणजे हातात चार वर्षं. गरिबाच्या पोराला सातवीपर्यंत सगळं मातृभाषेत शिकता आलं, हे मोठंच काम झालं. पण ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येतं, तिथला मुलगा आठवीची वाट पाहत बसत नाही. नावड्यातल्या मुलाला त्या चार वर्षांपलीकडे काही नव्हतं. चुलत आजोबांची एसएससी इंग्रजीतच अडली, आणि त्याची बोच त्यांना शेवटपर्यंत राहिली.

मग 1970 साल उजाडलं. सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतली 95 गावं अधिसूचित झाली. शेजारी तळोज्याचे कारखाने उभे राहिले. नोकरीचे फॉर्म इंग्रजीत, रसायनांच्या पिंपांवरच्या सूचना इंग्रजीत. संपादित झालेल्या जमिनींच्या वाढीव मोबदल्याचे दावे अलिबागहून हायकोर्टात गेले की तिथला कागद इंग्रजीत. आत्या तेव्हा नुकतीच बोर्ड पास झालेली. 1975 साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन्ही तुकड्या बोर्डाला बसल्या, त्यातली ती अकरावीवाली. शब्दकोश मांडीवर घेऊन ती ओटीवर बसे, आणि म्हातारे भोवती. वाक्य वाचायचं, मनात मराठी लावायची, मग आगरीत सांगायचं. आजोबा मधूनच विचारत, "यान कर्ता कोन?" जमीन कोणी घेतली आणि पैसे कोणी द्यायचे, हे लांबलचक कोर्टी वाक्यातून काढायला तोच प्रश्न उपयोगी पडे. शाळेतल्या इंग्रजीचा गावाला इतका उघड उपयोग झालेला मी दुसऱ्यांदा ऐकलेला नाही.

2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. नावड्यात आता उंच इमारती आहेत, सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बस उभ्या असतात. आमच्या घरातली मुलं इंग्रजी सहज बोलतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इंग्रजीतला धडा आजीला समजावून सांग म्हटलं तर ती गप्प होतात. घरातली आगरी त्यांना कळते, पण त्या धड्यातलं काही आगरीत सांगायची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते. आठवी-नववीला आठवड्यातून एक तास याच कामासाठी हवा. पुस्तकातली कथा घ्यावी आणि प्रत्येकाने ती आपापल्या घरच्या बोलीत सांगावी: कुणी आगरीत, कुणी मालवणीत, कुणी अहिराणीत, कुणी भोजपुरीत. आमच्या पुतणीच्या इंग्रजीच्या बाईंशी मी हे बोललो. त्यांनी सुरुवातीला कुठली कथा घ्यावी असं विचारलं, आणि मी 'ऑथेल्लो' सुचवली.