झरोक्याची जागा



खोलींतील झरोका गैरसोयीच्या जागीं आला, तर तो तेथून काढून दुसरीकडे बसवावा, हा विचार घरधन्यास सहज सुचतो. थंड देशांत एका यंत्रापासून पत्र्याच्या नळांनीं प्रत्येक खोलींत ऊन अथवा गार हवा पोंचवितात. तेथें तर कित्येक गृहस्थ हें काम स्वतःच्याच हातांनीं करितात. जुनें भोंक बुजवावयाचें, नळ लांबवावयाचा, नवें भोंक पाडावयाचें, एवढेंच तें दिसतें. पण हवेचें भोंक योग्य जागीं आणणें किती अवघड आहे, याचा धडा लंडनच्या कॉमन्स सभेनें कित्येक पिढ्या गिरविला. तोच वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

गर्दी व दिवे यांमुळें तें जुनें सभागृह अतिशय तापे. ख्रिस्तोफर रेन यानें छताच्या चार कोपऱ्यांत चार भोंकें ठेविलीं. उष्ण हवा हलकी असते, ती वरून आपोआप निघून जाईल, असा हिशेब होता. परंतु छतावरील खोलींतली हवा थंड व जड असली म्हणजे तीच खालीं उतरे आणि सभासदांच्या मस्तकांवर गार झोत येई.

१७२३ सालीं डेसाग्युलिअर्स नांवाच्या शास्त्रज्ञास बोलाविण्यांत आलें. त्यानें भोंकें जेथल्या तेथेंच ठेविलीं. मात्र त्यांना लोखंडी नळ जोडून ते वरच्या मजल्यावरील विस्तवाभोंवतीं नेले. विस्तव आधीं पेटविला कीं नळ तापत व खालची हवा वर ओढली जाई. युक्ति नामी खरी. पण त्या खोल्या स्मिथबाई नांवाच्या व्यवस्थापिकेच्या ताब्यांत होत्या, व त्यांस ही लुडबुड मुळींच रुचली नाहीं. सभागृह पुरतें तापल्यावर त्या विस्तव घालीत. तोंपर्यंत नळांतली थंड हवा उलट खालींच येई! अखेर १७३६ सालीं त्याच शास्त्रज्ञानें हातानें फिरवावयाचें सात फूट व्यासाचें चाक बसविलें.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजीं तो वाडा आगींत भस्म झाला. तात्पुरत्या सभागृहासाठीं एडिंबरोचे डॉ. डेव्हिड बॉस्वेल रीड यांनीं १८३६ सालीं निराळीच योजना केली. बाहेरची हवा तळघरांत घ्यावयाची, तेथें गाळून हवी तशी उबवावयाची व जमिनींतील असंख्य बारीक छिद्रांतून वर सोडावयाची. वापरलेली हवा छतांतून काढून, तळाशीं विस्तव असलेल्या उंच धुराड्याकडे ओढावयाची. छिद्रांवर घोड्याच्या केसांचा गालिचा अंथरला. झोत मंद झाला. पण बुटांबरोबर आलेली धूळ हवेसरशी उडूं लागली व तक्रारी सुरू झाल्या.

पुढें नव्या वाड्याचें काम निघालें. भिंती चार्लस बॅरी यांच्या, वायुमार्ग रीड यांचे. दोघांचें जमलें नाहीं. वाड्याचा मधला मनोरा रीड यांच्या योजनेकरितांच वाढविण्यांत आला. तरीहि १८५२ सालीं त्यांना कामावरून दूर व्हावें लागलें. पुढें ते अमेरिकेंत गेले व १८६३ सालीं तेथेंच वारले.

या कथेचें तात्पर्य आपल्या घरालाहि लागू आहे. भोंक हा वायुमार्गाचा केवळ शेवट होय. हवा कोठून येते, कोठून बाहेर पडते, तिला कोण ओढतें, हें पाहिल्यावांचून भोंक हलविलें, तर रेनचा झोत आपल्या डोक्यावर येणार. नळाचें प्रत्येक वळण हवेचा जोर कमी करितें. ऊन हवा खालून व गार हवा वरून देणें सामान्यतः सोयीचें. मात्र बाहेर जाणाऱ्या हवेचा मार्ग येणाऱ्या मार्गाला लागूनच नसावा, नाहीं तर ताजी हवा खोलींत न फिरतां तशीच निघून जाते. भिंत फोडण्यापूर्वीं उदबत्ती लावून धूर कोणीकडे वळतो, तें पाहावें. भिंतींत विजेच्या तारा किंवा पाण्याचे नळ नाहींत, याचीहि खात्री करावी. आणि कोळसा किंवा ग्यास जेथें जळतो, तेथील धूर बाहेर नेणारा मार्ग कोणींहि स्वतः हलवूं नये. तेथें जाणत्या कारागिरासच बोलवावें. तो विषारी वायु डोळ्यांना दिसत नाहीं व नाकालाहि कळत नाहीं.

छिन्नी हातीं घेण्यापूर्वीं हवेची वाट समजून घ्यावी, हें बरें.