किरकोळ अपघात आणि थांबण्याचे कर्तव्य

दोन गाड्या एकमेकींना घासल्या की आपल्याकडे पहिला वाद पेटतो तो चूक कोणाची, यावर. कायद्याचा पहिला प्रश्न मात्र वेगळा आहे: चालक थांबला का आणि त्याने आपली ओळख दिली का?

ब्रिटनच्या 1903 च्या मोटार कायद्याने अपघातानंतर थांबण्याचे व मागितल्यास नाव-पत्ता देण्याचे बंधन घातले. भारतात 1939 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 87 ने हेच कर्तव्य सांगताना एक मार्मिक खुलासा केला. अपघात चालकाच्या वाहन चालवण्यामुळे घडलेला असो वा नसो, त्याने थांबलेच पाहिजे. म्हणजेच थांबणे ही अपराधाची कबुली नव्हे.

दोष आणि भरपाई ठरवण्याचे काम कायद्याने हळूहळू रस्त्यावरून उचलून संस्थांकडे दिले. सक्तीच्या विम्याच्या तरतुदी 1946 मध्ये अमलात आल्या. 1956 च्या दुरुस्तीने अपघात दावा न्यायाधिकरणांचा मार्ग खुला केला.

1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या 1988 च्या अधिनियमाने हा वारसा पुढे नेला. कलम 132 नुसार बाधित व्यक्तीने स्वतःचे नाव-पत्ता देऊन मागणी केल्यास चालकाने आपला व वाहनमालकाचा नाव-पत्ता द्यायचा असतो. कलम 134 नुसार कोणी जखमी असल्यास उपचारांची व्यवस्था करायची. पोलीस हजर नसल्यास शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात माहिती द्यायची. त्रयस्थाच्या मालमत्तेचे केवळ नुकसान झाले असले, तरीही ही माहिती द्यावीच लागते. विमा कंपनीला लेखी कळवण्याचे कर्तव्य 1994 च्या दुरुस्तीने जोडले गेले.

याच कलमात जमावाच्या प्रक्षोभाचा स्पष्ट उल्लेख आहे. जमावामुळे जखमीला मदत करता आली नाही, तर चालकाला सूट मिळते. पण ते कारणही ठाण्यात सांगावे लागते. आपला रस्ता कसा आहे, हे विधिमंडळाला पुरते ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

तरीही किरकोळ अपघातानंतर माणसे पळ काढतात किंवा हातावर नोटा टेकवून मोकळी होतात. प्रशासनात काम करताना मला याचे मूळ बेपर्वाईपेक्षा भीतीत अधिक दिसले. ठाण्याची पायरी चढली की आपणच आरोपी ठरू, हा समज कलमे वाचून जात नाही. साधी नोंद सन्मानाने आणि वेळेत होते, हा अनुभव नागरिकाला येईल, तेव्हाच तो थांबेल. कायद्याने आपला भाग 1939 मध्येच सांगून ठेवला आहे. उरलेला भाग आम्हा प्रशासकांचा आहे.