न्यायाधीश निवडताना काय पाहावं?

गटाची अध्यक्ष निवडताना आपण शिक्षण पाहतोच, पण हप्ता चुकलेल्या बाईशी ती कशी बोलते हेही पाहतो. मग उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशात काय पाहायचं? १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाऊ लागली, तेव्हापासून आमच्या बैठकीत हा विषय निघतोय. राज्यघटनेतली अट छोटी आहे: भारताचं नागरिकत्व, आणि दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली किंवा दहा वर्षं न्यायालयीन पद. वरिष्ठ न्यायाधीश नावं सुचवतात, राष्ट्रपती नेमणूक करतात. आपलं मत कुणी विचारत नाही. तरी आम्ही एक जुना खटला वाचला.

२६ मार्च १९७२. विदर्भातल्या देसाईगंजचं पोलीस ठाणं. मजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा. भावाच्या तक्रारीवरून तिला रात्री ठाण्यात आणलं होतं. बाकीच्यांना घरी पाठवून तिला एकटीला थांबवलं, आणि ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालय म्हणालं, तिची संमती होती. दोघेही सुटले.

१९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तोच पुरावा पुन्हा तपासला. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. ठाण्यात रात्री एकट्या पडलेल्या पोरीचं काय होतं, हे त्या न्यायाधीशांना दिसलं. आम्हाला तरी न्यायाधीशात पाहायचं ते हेच वाटतं.

पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, ही कारणं. हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एक ताई पटकन म्हणाल्या, "ओरडून बोलवायचं कुणाला? पोलिसाला?"

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. आता पोलिसांच्या ताब्यात असं घडलं, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने कोर्टात "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं.

त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र तोच राहिला.